पोटातली मोठी गाठ: सार्कोमा केंद्राची सेवा कशी वाटते

पोटाच्या मागच्या भागात, मूत्रपिंडाच्या आसपास सार्कोमाची (चरबी, स्नायू अशा ऊतींच्या कॅन्सरची) गाठ आतड्यांना बाजूला सारत वाढते. तिथे जागा भरपूर. म्हणून ती 15-20 सेंटिमीटरची होईपर्यंत पेशंटला पोट जड वाटण्यापलीकडे फारसं काही जाणवत नाही. अशा गाठीसाठी सार्कोमाचंच काम करणाऱ्या केंद्रात जावं का? जावंच. गाठ पूर्ण निघण्याची सर्वांत चांगली संधी पहिल्या ऑपरेशनलाच असते.

फरक दिसतो तो सीटी स्कॅन वाचण्यात. लायपोसार्कोमाचा, म्हणजे चरबीच्या सार्कोमाचा, बराच भाग साध्या चरबीसारखा दिसतो. सवय नसलेला सर्जन मधला घट्ट गोळा काढतो आणि भोवतीची चरबी तशीच ठेवतो. ती चरबी म्हणजे गाठच असते! केंद्रात उजवी-डावी बाजू ताडून पाहतात. बायोप्सी जाड सुईने, स्कॅनवर बघत, पाठीकडून किंवा कुशीतून घेतात. पोट उघडून तुकडा घेतला तर पेशी पोटात सांडू शकतात. निदान लिम्फोमा (लसिका पेशींचा कॅन्सर) निघालं तर उपचार औषधांचा, डेस्मॉइड (दूर न पसरणारी तंतुमय गाठ) असेल तर आधी बहुधा नुसती देखरेख.

ऑपरेशनमध्ये गाठ न फोडता, चिकटलेल्या अवयवांसकट एकसंध काढतात. बरेचदा एक मूत्रपिंड आणि मोठ्या आतड्याचा तुकडा जातो, म्हणून दुसरं मूत्रपिंड किती काम करतं हे रीनल स्कॅनवर (मूत्रपिंडाचं काम मोजणाऱ्या तपासणीत) आधीच पाहिलेलं हवं. रक्तस्राव, आतड्याच्या जोडातून गळती, मांडीला बधिरपणा हे धोके स्पष्ट सांगायला हवेत. रेडिएशन सरसकट नको: 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 266 पेशंटच्या स्ट्रास चाचणीत ऑपरेशनपूर्व रेडिएशनचा एकूण गटाला फायदा दिसला नाही.

सेवा कमी पडते ती पुढचं सांगताना. ‘पाच वर्षांनी इतके टक्के पेशंट जिवंत असतात’ हा एकच आकडा पुरत नाही. चरबीसारख्या, कमी ग्रेडच्या (कमी आक्रमक पेशींच्या) लायपोसार्कोमाची गाठ दूर क्वचितच पसरते, पण त्याच जागी 10 वर्षांनीही परतते. लायोमायोसार्कोमा, म्हणजे अनैच्छिक स्नायूंचा सार्कोमा, मात्र फुप्फुसात आणि यकृतात जातो. त्यामुळे पाच वर्षांनी स्कॅन थांबवणं चूकच. डिस्चार्ज कार्डवर गाठीचा प्रकार, ग्रेड, ती अखंड निघाली की फुटली, कोणते अवयव काढले आणि पुढचा स्कॅन कधी, एवढं लिहून घ्या. गाठ परतली तर पुढचा सर्जन आधी हेच विचारतो.