मामाचा पेंटॅक्स के१००० : चार वर्षं वापरून

पेंटॅक्स के१००० हा जुना, फिल्मच्या रोलवर चालणारा कॅमेरा घेऊ का, असं विचारणारे फोन मला अधूनमधून येतात, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते.

माझ्याकडचा कॅमेरा मामाचा. १९८४ मध्ये दुबईहून सुट्टीवर येताना त्याने आणला, ५० एमएमच्या एफ/२ लेन्ससकट. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा कॅमेरा माळ्यावर होता म्हणून वाचला. निगेटिव्हचे अल्बम खालच्या कपाटात होते, ते सगळे गेले. त्या दिवाळीत मामाने कॅमेरा माझ्या हातात दिला. "नुसता ठेवू नकोस, चालव," एवढंच म्हणाला.

१९७६ ते १९९७ इतकी वर्षं हा कॅमेरा निघत होता, त्यामुळे जुना माल अजून मिळतो. यात फारसं काही नाही आणि मला तेच आवडतं. शटर (फिल्मसमोरचा पडदा) १ सेकंदापासून १/१००० सेकंदापर्यंत उघडं राहतं, शिवाय बी, म्हणजे बटण दाबून ठेवाल तितका वेळ. सेल्फ टायमर नाही, ऑटो काहीही नाही. व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीत, उजवीकडे उजेड मोजणाऱ्या मीटरचा एक काटा आहे. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं भोक) किंवा शटरची चकती फिरवून तो मधोमध आणायचा, फोकस करायचा आणि बटण दाबायचं. मीटरसाठी एलआर४४ चा एक सेल लागतो, तो घड्याळवाल्याकडे मिळतो. सेल संपला तरी शटर चालतंच, कारण ते सगळं यांत्रिक आहे. फक्त मीटरला बंद करायचा स्विच नाही. लेन्सवर झाकण लावलं की तो थांबतो, म्हणून झाकण हरवू देऊ नका.

त्या काट्याचं मात्र सगळंच ऐकायचं नसतं. आमची आजी पडवीत सुपात तांदूळ निवडत बसली होती, मागे अंगणात रणरणतं ऊन. मी काटा बरोबर मधोमध आणून तीन फोटो काढले. रोल धुऊन आला तेव्हा अंगण सुरेख, सुपाची कड चकाकतेय आणि आजीचा चेहरा काळाठिक्कर. मीटर चौकटीतल्या सगळ्या उजेडाचा मिळून हिशेब करतो, आजी कुठली आणि ऊन कुठलं हे त्याला कळत नाही. आता मी आधी जवळ जाते, सगळी चौकट चेहऱ्याने भरते, तिथे काटा जुळवते आणि आकडे तसेच ठेवून मागे येते. फोकस तेवढा नव्याने करायचा. असा काढलेला आजीचा फोटो मोठा करून घरात लावलाय. तिच्या कपाळावरचं गोंदण त्यात स्पष्ट दिसतं, आणि ते बघायला मामा दर वेळी चश्मा पुसून उभा राहतो.

माझा पहिला रोल पूर्ण कोरा निघाला होता. फिल्मचं टोक स्पूलमध्ये (फिल्म गुंडाळणाऱ्या फिरकीत) नीट अडकलंच नव्हतं, आणि मोजणी मात्र ३६ पर्यंत गेली. तेव्हापासून दार लावल्यावर लिव्हर ओढताना डावीकडची रिवाइंडची मूठ फिरते का ते बघते. ती फिरली म्हणजे फिल्म पुढे सरकतेय.

जुना घेणार असाल तर मागचं दार उघडून कडेचा काळा फोम बोटाने दाबून बघा. चिकट चुरा हाताला लागला तर तो बदलावा लागणार, नाहीतर फोटोवर उजेडाचे नारिंगी पट्टे येतात. १/१००० वर एक-दोन फोटो काढून बघता आले तर उत्तम. पडदा मंदावला असेल तर फोटोची एक कड काळी येते. माझ्या कॅमेऱ्याला तोच त्रास होता. मुंबईत बोरा बाजारात एका वयस्कर कारागिराने पडदे साफ करून, वंगण बदलून दिलं, तेव्हापासून कुरकुर नाही.

लेन्समधून टॉर्च मारल्याशिवाय पैसे देऊ नका. एका विक्रेत्याने मला "एकदम क्लीन" म्हणून पाठवलेल्या २८ एमएम लेन्सच्या काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी पसरलेली होती, आणि परत घ्यायला तो तयार झाला नाही. कोकणात तर चांगल्या लेन्सलाही पावसाळ्यात बुरशी धरते. मी जून ते सप्टेंबर कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवते, आणि ऊन पडलं की बाहेर काढून वापरते. चामड्याच्या जुन्या केसमध्ये अजिबात ठेवायचा नाही, ते ओल धरतं.

खर्चाचं खरं सांगायचं तर कॅमेऱ्यापेक्षा रोलच महाग पडतो. रोल, तो धुणं, स्कॅन आणि कुरिअर धरून मला एका खेपेला दीड हजारांच्या आसपास जातात. इथल्या स्टुडिओत रोल धुणं कधीच बंद झालं, त्यामुळे पुण्याला पाठवते आणि पंधरा दिवस वाट बघते. महिन्याला एक रोल परवडत असेल आणि थांबायची तयारी असेल तर जरूर घ्या. लग्नाचं काम करायला मात्र घेऊ नका. फ्लॅश १/६० सेकंदापेक्षा वेगवान शटरशी जुळत नाही, आणि अंतरपाट दूर होतानाच रोल संपला तर नवा भरेपर्यंत हार घालून झालेले असतात.