कुंभार्ली घाट आणि एक्झॉस्ट ब्रेक: नऊ महिन्यांचा अनुभव

मी चिपळूणचा. स्वतःचा ट्रेलर आहे, पोकलेन आणि रोलरची ने-आण करतो. गाडी जुनी घेतली. तिला एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनच्या जोरावर गाडी धरणारा ब्रेक) होता, पण बटण दाबून काही फरक पडायचा नाही. दोन वर्षं मी तसाच गाडी हाकत राहिलो.

मार्चमध्ये कराडहून 21 टनी पोकलेन घेऊन कुंभार्ली उतरत होतो. वळणावळणाला पाय ब्रेकवर. अर्ध्या घाटात लायनर (ब्रेकचे घासणारे पट्टे) जळाल्याचा वास सुटला. पेडल तेवढंच दाबत होतो, पण गाडी धरेना. हवेचा काटाही उतरायला लागला. नशिबाने रुंद जागा मिळाली, गाडी डोंगराच्या अंगाला घेतली, क्लीनरने चाकाखाली उटी लावली. तापलेल्या ब्रेकच्या ड्रमवर पाणी मारलं तर तो तडकतो, म्हणून तासभर नुसते बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीने सायलेन्सरची नळी सोडली. आतली झडप काजळीने इतकी चिकटलेली की बोटाने हलेना. ती हलवणाऱ्या हवेच्या सिलिंडरचं सीलही कडक झालेलं. साफसफाई आणि नवीन सील, खर्च 2800 रुपये. ही झडप बंद झाली की धूर आत कोंडतो, तो दाब पिस्टनच्या अंगावर येतो आणि इंजिनच गाडीला मागे धरतं.

आता हेळवाक सोडलं की उतार लागायच्या आधीच चौथा गिअर टाकतो. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण भरली गाडी पळायला लागल्यावर खालचा गिअर पडत नाही आणि मध्येच न्यूट्रलला अडकलो तर एक्झॉस्ट ब्रेक असून नसल्यासारखा. क्लचवर पाय ठेवला तरी तेच. इंजिनच्या फेऱ्यांचा (आरपीएम) काटा 2000 च्या आसपास असला की पकड जोरात, 1200 च्या खाली गेला की जेमतेम. काटा लाल पट्ट्याकडे सरकला तर पायाचा ब्रेक एकदा नीट दाबून वेग उतरवतो आणि सोडून देतो. सतत घासत ठेवत नाही.

पावसात मात्र जपून. हा ब्रेक फक्त घोड्याच्या (ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीच्या) मागच्या चाकांना धरतो, ट्रेलरची चाकं मोकळीच असतात. ओल्या वळणावर घोडा अडला आणि मागून ट्रेलरने रेटा दिला तर गाडी मध्ये दुमडून रस्त्यात आडवी होते. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये बटण बंद ठेवून आणखी एक गिअर खाली उतरतो. वेळ जास्त लागतो, लागू दे.

पूर्वी माझे लायनर चार महिन्यांत संपायचे. मागच्या आठवड्यात ड्रम उघडला, अर्ध्याहून जास्त शिल्लक आहेत. रिकाम्या गाडीलाही रोज दोन-चार वेळा बटण दाबतो, झडप परत चिकटू नये म्हणून. घाटाखाली पोफळीला पोचलो की खाली उतरून प्रत्येक रिमजवळ हाताची पाठ नेऊन बघतो. कोमट लागतात.