स्टील सांगून जस्ताचा पिंजरा गळ्यात मारला

घरात कॉकटिएल किंवा बजी (हे छोटे पाळीव पोपट) असेल, किंवा आणायचा विचार असेल, तर पिंजरा घेण्याआधी हे वाचा.

आमच्या चिकूसाठी (कॉकटिएल, नर) मोठा पिंजरा हवा होता. ठाण्यातल्या एका पेट शॉपमध्ये मी स्पष्ट विचारलं, कसला आहे? दुकानदार म्हणाला, "ताई, प्युअर एसएस, तीनशे चार. आयुष्यभर बघायला नको." (एसएस म्हणजे स्टेनलेस स्टील, 304 ही त्याची एक प्रत.) शेजारच्या साध्या पिंजऱ्यांच्या जवळपास तिप्पट किंमत सांगितली. बिल मागितलं तर "जीएसटी लावला की अजून वाढेल, कशाला?" म्हणत चिठ्ठीवर लिहून दिलं: केज, 1 नग. धातूचा उल्लेखच नाही. सगळी मेख तिथेच होती.

कॉकटिएल चोचीने पिंजऱ्यावर चढतो, उतरतो, आणि रिकामा वेळ मिळाला की तार कुरतडतो. काही आठवड्यांत चिकू मलूल झाला. पिसं फुगवून बसायचा, सारखं पाणी प्यायचा, विष्ठा पातळ आणि हिरवट. दुकानात फोन केला तर उत्तर मिळालं, "सर्दी असेल, पावडर देतो, पाण्यात टाका." ती पावडर म्हणजे कुठलंतरी अँटिबायोटिक. मी ती घेतली नाही, पण कितीजण घेत असतील आणि त्यात मोलाचे दिवस घालवत असतील, या विचाराने आजही संताप होतो.

पक्ष्यांच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. पोटात बारीक पांढरे ठिपके चमकत होते. धातूचे कण! त्यांनी पिंजऱ्याचे फोटो मागितले आणि पाहताच सांगितलं, ही लोखंडी तार आहे, वर जस्ताचा मुलामा. जिथे तारा एकमेकींना जोडल्या होत्या, तिथे जस्ताचे थिजलेले थेंब आणि बारीक शेपट्या लोंबत होत्या. काही सांध्यांवर पांढरी भुकटी धरली होती. तेच खरवडून तो गिळत होता. हे कण पोटातल्या आम्लात विरघळत राहतात आणि जस्त रक्तात भिनतं. कॅल्शियम ईडीटीएची इंजेक्शनं सुरू झाली. ते औषध धातूला बांधून लघवीच्या वाटे बाहेर काढतं. चिकू वाचला. उशीर झाला असता तर झटके आले असते, असं डॉक्टर म्हणाल्या.

पिंजरा परत घेऊन गेले तेव्हा दुकानदाराने हात वर केले. "एसएस म्हणालोच नव्हतो, चिठ्ठीवर कुठे लिहिलंय?"

म्हणून सांगते, खरेदीला जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. पिंजऱ्याला लावल्यावर ते कचकन चिकटून लोंबकळलं, तर तो 304 नाही. 304 च्या ओढलेल्या तारेत कधीकधी किंचित ओढ जाणवते, तेवढ्याने घाबरू नका. उलट चुंबक अजिबात चिकटलं नाही म्हणूनही निर्धास्त होऊ नका, कारण स्वस्तातलं 200 सिरीजचं स्टीलही चिकटत नाही. सांध्यांवरून बोट फिरवा. खरखर, थेंब, पोपडे लागले तर तो पिंजरा तिथेच ठेवा. रंगीत पिंजऱ्यालाही हेच लागू, रंग टवका टवका निघत असेल तर खाली काय आहे कुणास ठाऊक. आणि पक्क्या बिलावर "स्टेनलेस स्टील 304" ही अक्षरं लिहून घ्या. लिहायला नकार दिला तर दुकान बदला. माल वेगळा निघाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते, पण हातात कागद असला तरच तिला वजन येतं.

"व्हिनेगरने घासा, चालेल" असा सल्लाही मिळेल. त्याने सुटी पांढरी भुकटी जाते, मुलामा जात नाही. कुरतडणाऱ्या पक्ष्याला तो पिंजरा देऊच नये.

तारांमधलं अंतर बजीसाठी अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको, नाहीतर डोकं अडकतं. तळाचा कागद रोज बदला. त्यामुळे विष्ठेतला फरक लगेच दिसतो. मला तो कागदावरच दिसला होता. पिंजरा धुताना फिनेल वापरू नका, साधा साबण, भरपूर पाणी आणि ऊन पुरे.

तुमच्या घरी असा चमकदार जाळीचा पिंजरा असेल आणि पक्षी उलटी करत असेल, पाणी ढोसत असेल किंवा दांडीवर तोल जात असेल, तर दुकानदाराला विचारत बसू नका. त्याच दिवशी पक्ष्यांच्या डॉक्टरकडे न्या आणि पिंजऱ्याच्या सांध्यांचे जवळून काढलेले फोटो सोबत ठेवा.