श्रीलंकेचा दिवस की व्हिएतनामची रात्र? मित्रांसोबत परदेशात रेल्वेनं जायचं असेल तर

आमचा ग्रुप 8.14 च्या डोंबिवली फास्टचा. पाच जण, एकच डबा, एकवीस वर्षं. बाकावर तिघं, चौथ्याला चौथी सीट, पाचवा उभा. ठाण्याला पाळी बदलते. नाना रिटायर व्हायला आले तेव्हा ठरलं की एकदा तरी अशा गाडीनं जायचं जिथे पाचही जणांना धड बसायला मिळेल, आणि तेही परदेशात. आधी श्रीलंका झाली, दोन वर्षांनी व्हिएतनाम. तेव्हापासून डब्यातला एखादा दुसरा ग्रुप गाठून विचारतोच, की यातलं कुठे जाऊ? मी आधी एवढंच विचारतो: किती जण आहात?

हे विचारायची अक्कल व्हिएतनामनं दिली. हनोई ते सायगॉन, म्हणजे आताचं हो चि मिन्ह सिटी, 1,726 किलोमीटरचा मार्ग. मीटर गेज, बहुतेक ठिकाणी एकेरी रूळ, त्यामुळे सलग गेलात तर बत्तीस ते छत्तीस तास. फ्रेंचांनी तो 1936 मध्ये पुरा केला, 1954 च्या फाळणीत तो मधोमध तुटला आणि युद्ध संपल्यावर 31 डिसेंबर 1976 ला पुन्हा जोडला गेला. म्हणून गाडीला 'एकीकरण' म्हणतात. तर या एकीकरण गाडीत आमच्या ग्रुपचं विभाजन झालं. कारण चांगल्या वर्गाच्या कूपेत बर्थ चार, आणि आम्ही पाच.

चिठ्ठ्या टाकल्या. मास्तरांचं नाव निघालं. बिचारे उशी घेऊन शेजारच्या कूपेत गेले, तिथे एक आजी, तिची सून आणि एक नातू. अर्ध्या तासानं मी डोकावलो तर मास्तर मांडी घालून बसलेले, आजीबाई सुरीनं आंबा सोलून मिठा-मिरचीच्या पुडीत बुडवून एकेक फोड त्यांच्या हातावर ठेवतायत, आणि मास्तर तिला शुद्ध मराठीत सांगतायत की आमच्याकडे कैरीला असंच तिखटमीठ लावतात. ती मान डोलवत होती. इकडे आमच्या कूपेत तोपर्यंत पत्त्यांवरून भांडण झालं होतं.

त्यांना मजा आली, पण पाचव्याच्या नशिबात रोज आजीबाई नसतात. तुम्ही चार किंवा आठ असाल तर कूपेचं दार लावून घेतलं की आख्खी खोली तुमची. रात्रभर गप्पा मारा. पाच असाल तर सहा बर्थांचा साधा वर्ग बघा. तिथे सगळ्यात वरचा बर्थ स्वस्त असतो, कारण त्यावर बसताच येत नाही, फक्त सरपटत आत शिरायचं. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांसाठी खालचेच काढा, जरा महाग पडले तरी. दिवसा तसेही सगळे खालच्यावरच येऊन बसतात, आपल्या मेल गाड्यांसारखे.

सलग सायगॉनपर्यंत जाण्याचा हट्ट मात्र धरू नका. हनोईहून रात्रीची गाडी पकडा, ह्युएला उतरा, एखादा दिवस थांबा, मग ह्युए ते दा नांग हा शंभरेक किलोमीटरचा टप्पा दिवसाउजेडी करा. हाय व्हान घाटात गाडी डोंगराच्या कडेकडेनं जाते आणि खाली समुद्र. दक्षिणेकडे जाताना तो डाव्या हाताला, तेव्हा तिकीट काढताना बाजू बघूनच काढा. दा नांगपुढचं आम्ही विमानानं उरकलं, त्याची कुणालाच खंत नाही.

श्रीलंकेचं गणित वेगळं. तिथे मजा दिवसाच्या गाडीची. कोलंबो फोर्टहून बदुल्लापर्यंत सुमारे 290 किलोमीटरला नऊ-दहा तास लागतात, कारण गाडी चहाच्या मळ्यांतून, वळणावळणानं, पट्टीपोला स्टेशनपर्यंत जवळजवळ 1,900 मीटर चढते. रूळ आपल्यासारखेच ब्रॉडगेज, त्यामुळे डबा ऐसपैस. पहिल्या वर्गाच्या एसी डब्यात बसू नका, काच उघडत नाही आणि फोटोत आपलंच प्रतिबिंब येतं. दुसरा किंवा तिसरा वर्ग घ्या. कँडीपासून पुढे फेरीवाले चढायला लागतात. 'वडे, वडे' अशी हाक आली तेव्हा नानांनी झोपेतच खिशात हात घातला. परिप्पु वडे म्हणजे डाळवडे, सोबत तळलेली सुकी मिरची, आणि पुडी शाळेच्या वहीच्या पानाची. माझ्या पुडीवर कुणीतरी चुकवलेलं अपूर्णांकाचं गणित होतं. मास्तरांनी ते आधी दुरुस्त केलं, मग वडा खाल्ला. कोळंबीचे वडेही असतात, शाकाहारी असाल तर विचारून घ्या.

आरक्षण तीस दिवस आधी उघडतं आणि मोसमात बघता बघता संपतं. पण ते नाही मिळालं तर डोंबिवलीकरानं घाबरायचं काय कारण? बिनआरक्षित तिकीट त्याच दिवशी खिडकीवर मिळतं. एल्ला या याच मार्गावरच्या डोंगरातल्या गावाहून परतताना फलाटावर सगळे पर्यटक ताटकळत उभे, आणि आम्ही काय केलं, तर सरळ डाऊन मारली. एल्लाहून उलट्या दिशेनं तासाभरावर बदुल्ला, गाडी सुटते तिथूनच. रिकाम्या गाडीत पाच खिडक्या मिळाल्या. शिवाय 1921 चा नऊ कमानींचा पूल आणि देमोदराचा वेढा, जिथे रूळ फिरून आपल्याच स्टेशनाच्या खालून बोगद्यातून जातात, हे दोन्ही याच तुकड्यात असल्यानं दोनदा बघून झाले. एल्लाला उतरून परत फिरणाऱ्यांचं देमोदरा हुकतंच.

एक सांगतो, ऐकलं नाही तरी चालेल पण सांगणार. तिथे दाराला लटकून फोटो काढायचं वेड आहे, आणि आपल्याला वाटतं की लटकणं तर आपल्या रक्तात आहे. जून 2025 मध्ये मुंब्र्याच्या वळणावर लोकलच्या दारातली माणसं पडून दगावली, ते आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. तिथेही बोगद्याची भिंत आणि झाडाच्या फांद्या डब्याला अगदी लागून असतात. दारात बसा, पाय आत ठेवा.

दिवस किती आहेत यावरही बरंच ठरतं. कोलंबो मुंबईहून अडीच तासांवर, घड्याळही तेच. शुक्रवारी रात्री निघून पाच-सहा दिवसांत निवांत होतं, आणि रजेचा अर्ज टाकताना साहेबाच्या चेहऱ्याकडे बघावं लागत नाही. व्हिएतनामला नऊ-दहा दिवस द्या, नाहीतर अर्धी सुट्टी विमानतळावर जाईल. व्हिएतनामचा ई-व्हिसा 25 डॉलरचा, नव्वद दिवसांपर्यंतचा, सरळ काम. श्रीलंकेच्या परवान्याचे आणि शुल्काचे नियम गेल्या काही वर्षांत सारखे बदललेत, त्यामुळे निघण्याआधी अधिकृत संकेतस्थळच बघा, व्हॉट्सॲपवर आलेलं नको. पैशांच्या बाबतीत श्रीलंकेत 2024 पासून बऱ्याच ठिकाणी यूपीआय चालतं, म्हणजे कॉन्ट्री काढायची कटकट कमी. व्हिएतनाममध्ये रोख डोंग, आणि नोटांवर इतकी शून्यं की आमच्या सीएनंही पहिल्या दिवशी दहापट टिप दिली.

खाण्यात शाकाहाऱ्यांना श्रीलंका सोपी. भात, डाळ, पोळ सांबोल म्हणजे नारळाची लाल चटणी. कोकणातल्या माणसाला परकं वाटतच नाही. (सांबोलात सुकी मासळी घालतात कधीकधी, तेवढं विचारा.) व्हिएतनाममध्ये फिश सॉस कशात नसेल याचा नेम नाही. तिथे शाकाहाराला 'चाय' म्हणतात आणि हनोईत चहाला 'चा'. नानांनी गाडीत तीनदा 'चाय, चाय' मागितला आणि तिन्ही वेळा ट्रॉलीवालीनं भाजीभाताचा डबा पुढे केला. डब्याच्या टोकाला गरम पाण्याचा नळ असतो. चहाच्या पुड्या घरून न्या, प्रश्न मिटला.

मोसम मात्र दोन्हीकडे आपल्या सुट्ट्यांशी जुळत नाही. दिवाळीत मध्य व्हिएतनाममध्ये पुराचा पाऊस आणि श्रीलंकेच्या डोंगरातही पाणीच पाणी. नोव्हेंबर 2025 च्या दितवा चक्रीवादळानं तर श्रीलंकेच्या डोंगरी रेल्वेची दैना केली, त्यामुळे तुमच्या तारखांना गाडी कुठपर्यंत धावतेय ते विमानाचं तिकीट काढण्याआधी तपासा. फेब्रुवारी-मार्च दोघांनाही बरा. फक्त व्हिएतनामी नववर्ष, तेत, जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यात येतं आणि तेव्हाची गाड्यांची तिकिटं म्हणजे गणपतीतली कोकण रेल्वे.

जपानचं कुणीतरी विचारतंच. शिंकान्सेनच्या सीट फिरवून सहा जण समोरासमोर बसू शकतात, ही गोष्ट आम्हाला फार आवडली. पण ऑक्टोबर 2023 मध्ये सात दिवसांचा रेल्वे पास 29,650 येनवरून 50,000 वर गेला. शिवाय डब्यात इतकी शांतता की आमचा ग्रुप कर्जतच्या गाडीत ज्या आवाजात बोलतो त्या आवाजात तिथे कोणी आजारीही पडत नसेल.

तर पहिल्यांदा जात असाल, पाच-सात जण असाल, आणि ग्रुपमध्ये एकतरी असा असेल ज्याला घरचं जेवण लागतं, तर डोंगरी गाडी सुरू असल्याची खात्री करून श्रीलंकेला जा. नेमके चार असाल, दहा दिवस मोकळे असतील आणि एकमेकांचं घोरणं माहीत असेल, तर व्हिएतनाम. आम्ही मार्चमध्ये परत श्रीलंकेला चाललोय. आरक्षण उघडायच्या दिवशीचा गजर नानांनी आत्ताच लावून ठेवलाय, आणि मास्तर म्हणतायत, त्याची गरज काय, बदुल्लाहून बसू.