वसंताच्या रबरी ठशांचा संच: फांदी अव्वल, मजकूर कच्चा

वसंत ऋतूवरचा हा रबरी ठशांचा संच मी गेले दोन महिने वापरत आहे. एवढ्या काळात त्यातून पंचवीस-तीस शुभेच्छापत्रे तयार झाली, त्यामुळे पहिल्या दिवसाचे कौतुक आणि पहिल्या आठवड्याचा वैताग हे दोन्ही ओसरल्यावर हे लिहीत आहे. संचात नऊ ठसे, एक पारदर्शक ॲक्रिलिकचा ठोकळा आणि तपकिरी, हिरव्या व गुलाबी शाईचे तीन लहान पॅड मिळतात. ठशांमध्ये कळ्यांनी लगडलेली एक लांब फांदी, तीन अंड्यांचे घरटे, शेपटी उंचावलेला पक्षी, फुलपाखरू, दोन पाने, पाच पाकळ्यांचे एक फूल, एक सुटी कळी आणि शुभेच्छांची एक ओळ आहे.

ठसे लालसर रबराचे आहेत. त्यांच्या मागे फोमचा पातळ थर आणि त्यामागे ठोकळ्याला चिकटणारा पापुद्रा आहे. फोटोपॉलिमरचे (प्रकाशाने घट्ट होणाऱ्या प्लास्टिकचे) पारदर्शक ठसे वापरण्याची सवय असलेल्यांना सुरुवातीला अडखळल्यासारखे होईल, कारण रबराच्या आरपार दिसत नाही आणि चित्र नेमके कुठे उमटणार हे नजरेने जोखावे लागते. त्याच्या बदल्यात रेघ मिळते. गंधकासह तापवून टिकाऊ केलेल्या रबराचे पेटंट चार्ल्स गुडइयर यांनी १८४४ मध्ये घेतले, आणि अशा रबरावर बारीक कोरीव काम किती नेटके राहते याचा उत्तम नमुना म्हणजे या संचातील फांदी. तिच्या सालीवरच्या आडव्या चिरा, कळीच्या देठापाशी असलेली खवल्यांची जोडी आणि टोकाला नुकती उलगडू लागलेली पालवी हे सारे पहिल्याच दाबात स्वच्छ उमटते. संपूर्ण संच केवळ या एका ठशासाठी घेतला तरी मला तो पटला असता.

मात्र फांदी ११ सेंटिमीटर लांब आहे. ए-५ आकाराचा कागद मधोमध दुमडला की साधारण १४८ गुणिले १०५ मिलिमीटरचे शुभेच्छापत्र तयार होते आणि ते उभे धरले तर त्याच्या १०५ मिलिमीटर रुंदीत ही फांदी आडवी मावत नाही. ती मावावी म्हणून तिरकी बसवण्यापेक्षा खाली रद्दी कागद ठेवून तिचे टोक कडेबाहेर जाऊ द्यावे. झाड चौकटीपलीकडेही वाढत असल्याचा भास होतो आणि चित्राला आपोआप मोकळेपणा येतो. दुसरी सूचना अशी की थेट शुभेच्छापत्रावर ठसा मारू नये. घडीसाठी ३०० जीएसएमचा (म्हणजे दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जाड कागद घ्यावा, चित्र २०० जीएसएमच्या वेगळ्या तुकड्यावर उमटवावे आणि तो वरून चिकटवावा, म्हणजे हात हलला तरी फक्त एक तुकडा वाया जातो. जाड कागद दुमडण्याआधी घडीच्या रेषेवर बोथट टोकाने खाच पाडून घ्यावी, नाहीतर दुमड तडकते.

या संचाचा खरा आनंद घरटे फांदीवर बसवण्यात आहे आणि त्यासाठी क्रम उलटा धरावा लागतो. घरटे पुढे आहे, म्हणून ते आधी उमटवायचे. मग तेच घरटे चिकट चिठ्ठीच्या कागदावर, चिकट पट्टी येईल अशा बाजूला उमटवून रेघेच्या किंचित आतून कापायचे, तो तुकडा पहिल्या घरट्यावर झाकण म्हणून ठेवायचा आणि त्यावरून बेधडक फांदी मारायची. चिठ्ठी उचलली की फांदी घरट्यामागून गेलेली दिसते. रेघेच्या बाहेरून कापले तर दोन्ही चित्रांच्या मध्ये पांढरी फट राहते. माझी पहिली तीन घरटी त्यामुळे हवेत तरंगत होती.

पानांचे दोन ठसे दिसायला साधे आहेत, पण ते भरीव असल्यामुळे एका हिरव्या पॅडमधून तीन छटा काढता येतात: पहिला ठसा गडद, पुन्हा शाई न लावता मारलेला दुसरा फिकट आणि तिसरा जेमतेम दिसेल इतका. फिकट पाने मागे आणि गडद पुढे ठेवली की खोली येते. पाकळ्यांच्या फुलाला हीच युक्ती लागू पडत नाही, कारण त्यात आतल्या शिरा फार दाट आहेत आणि दुसऱ्या ठशात त्या तुटक दिसतात. फुलपाखरू ठीक आहे, त्याबद्दल अधिक सांगण्यासारखे काही नाही.

आता तक्रारी. फांदीच्या भोवती रबराची जवळजवळ दोन मिलिमीटर रुंद कड न कापता ठेवली आहे. तिला शाई लागते आणि चित्राबाहेर राखाडी डाग उमटतात. मी धारदार कात्रीने ही कड छाटली, पण रेघेखालचा आधार कापला जाऊ नये म्हणून कात्री बाहेरच्या बाजूला तिरकी धरावी लागते. हे काम खरे तर कारखान्यात व्हायला हवे होते. फोम आधीच असल्यामुळे कागदाखाली आणखी मऊ गादी ठेवू नये, त्याने कडा अधिकच उमटतात. कडक सपाट पृष्ठभाग, तळव्याचा सरळ दाब आणि ठोकळा न डुलवता सरळ उचलणे एवढे पुरेसे आहे.

दुसरी तक्रार शाईची. तपकिरी पॅड पाण्यात विरघळणाऱ्या शाईचा आहे, पण त्याच्या झाकणावर किंवा सोबतच्या पत्रकावर तसा उल्लेख नाही. मी घरटे उमटवले, अर्धा तास वाळू दिले आणि अंड्यांत जलरंगाची निळी छटा भरायला घेतली. कुंचला बाह्यरेषेला लागताच ती फुटली आणि तिन्ही अंडी गढूळ झाली. ओल्या रंगांनी भरायचे असेल तर बाह्यरेषेसाठी जलरोधक शाई वेगळी घ्यावी. सोबतचे पॅड पाने व फुले यांच्यासाठी किंवा रंगीत पेन्सिलींच्या कामासाठी चांगले आहेत. स्वच्छतेबाबत मात्र कटकट नाही, ओल्या फडक्याने पुसले की शाई निघते. रबरावर फिकट डाग राहतो, त्याने पुढच्या ठशात काही बिघडत नाही. ठसे उन्हात ठेवू नयेत इतकेच.

शुभेच्छांच्या ओळीचा ठसा हा संचातला सर्वात कच्चा भाग आहे. अक्षरांचा कोरीवपणा उथळ आहे, त्यामुळे शाई किंचित जास्त झाली की अक्षरांमधल्या पोकळ्या भरून जातात आणि कमी केली की वेलांट्या गळतात. पॅडवर ठसा दाबण्याऐवजी ठसा उताणा धरून त्यावर पॅड हलकेच टिपून पाहिला, तेव्हा पाचांपैकी तीन ओळी वाचता येण्याजोग्या आल्या. तो ठसा आता डब्याच्या तळाशी आहे आणि फांदीखालची ओळ मी पेनाने लिहिते.