घुमटाचा सांगाडा जालन्यात करून घेतला

रोपवाटिकेवर शेडनेट टाकायला ६ मीटर व्यासाचा जिओडेसिक घुमट, म्हणजे नळ्यांचे त्रिकोण जोडून केलेला अर्धगोल, हवा होता. जालन्यात औद्योगिक वसाहतीजवळच्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपाचा सांगाडा करून घेतला. पत्र्याचं शेड आमच्याकडं कुणीही करून देतं, पण ह्याला माप लागतं. ३ मीटर त्रिज्येला ३५ नळ्या १८५.४ सेंटिमीटरच्या अन् ३० नळ्या १६४ च्या, तेही होलच्या मध्यापासून मध्यापर्यंत. कारागिरानं त्यासाठी जिगच, म्हणजे सगळ्या नळ्या एकाच मापात बसवायचा साचा, बनवला. लांब नळ्यांच्या टोकांना तांबडा अन् आखूडांना निळा रंग मारून दिला, हे लई कामाला आलं. गड्यांनी नकाशा बाजूला ठेवून रंग बघूनच जोडणी केली. सगळे बोल्ट आवळेपर्यंत सांगाडा डुलत होता. शेजारी म्हणाले, “हे काय उभं राहायलंय!” शेवटचा नट कसल्यावर मी वर लटकून पाहिलं, हललं नाही.

तक्रार एकच, पण मोठी. टोकं प्रेसखाली चपटी केली, त्यांची धार मात्र काढली नाही. जस्तही तिथंच उडालं. कानस मारून झिंक पेंट आम्हीच लावला, नाहीतर नेट फाटलीच असती. भाव ठीक. वाहतूक वेगळी लावतात, आधी विचारून घ्या.