सेल्टिक्स की लेकर्स? टीम धरायच्या आधी रेकॉर्ड नीट बघा

एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, नव्याने बघायला लागलेल्यांचा पहिला प्रश्न हाच असतो की टीम कुठली धरायची, आणि फिरून फिरून गाडी दोन नावांवर येते, बोस्टन सेल्टिक्स आणि लॉस एंजेलिस लेकर्स. साहजिकच आहे, सेल्टिक्सची 18 टायटल्स, लेकर्सची 17, आणि बाकीचे सगळे खूप मागे. पण एक जास्त आहे म्हणून बोस्टन, असं ठरवू नका प्लीज, ही टायटल्स कधी आणि कशी आली ते बघितलं की दोन टीम्समधला खरा फरक कळतो.

सेल्टिक्सच्या 18 पैकी 11 टायटल्स 1957 ते 1969 मधली आहेत, म्हणजे बिल रसेल खेळत होता तेवढ्या 13 सीझनमधली, आणि त्यात 1959 ते 1966 सलग आठ! त्यानंतर आजपर्यंत कुणाला सलग चारसुद्धा जमलेली नाहीत. शेवटची दोन तर रसेलने स्वतः खेळत असताना कोच म्हणूनही जिंकली, 1966 मध्ये तो एनबीएचा पहिला कृष्णवर्णीय हेड कोच झाला होता. लेकर्सवाले यावर लगेच म्हणतात की तेव्हा लीगमध्ये सुरुवातीला आठच टीम्स होत्या, आता 30 आहेत, मग त्याला काय अर्थ. बरोबर आहे, टीम्स कमी होत्या. पण मुंबईने 1958-59 पासून सलग 15 रणजी जिंकल्या, त्या जुन्या काळातल्या म्हणून आपण कधी मोजायच्या सोडल्या का? आणि जुनं वगळायचंच असेल तर लेकर्सच्या 17 मधली पाच पण वगळा, कारण ती 1949 ते 1954 मधली, जॉर्ज मायकनच्या जोरावर मिनियापोलिसमध्ये जिंकलेली आहेत, टीम एलएला (लॉस एंजेलिसला) आली 1960 मध्ये.

आता दुसरी बाजू, आणि इथे सेल्टिक्सवाल्यांना गप्प बसावं लागतं. थ्री पॉइंट लाइन (जिच्या बाहेरून बास्केट केली की दोनऐवजी तीन पॉइंट्स मिळतात) 1979-80 ला आली, तिथपासून मोजलं तर लेकर्स 11, सेल्टिक्स फक्त 5. म्हणजे आज आपण जे बास्केटबॉल बघतो त्या काळात लेकर्स सरळसरळ पुढे आहेत, यात वाद नाही. फायनलला पण लेकर्स 32 वेळा पोचलेत आणि सेल्टिक्स 23 वेळा. फक्त सेल्टिक्स पोचले की सहसा जिंकूनच येतात, लेकर्स 15 वेळा हरलेत, आणि त्यातल्या नऊ हारी बोस्टनकडूनच आहेत (दोघं फायनलला 12 वेळा भिडले, लेकर्स जिंकले ते 1985, 1987 आणि 2010).

त्या नवातली 1969 ची तर वाचताना आजही वाईट वाटतं. फायनल म्हणजे सात मॅचची सिरीज, चार जिंकेल तो चॅम्पियन, आणि निकालाची सातवी मॅच एलएमध्येच होती, जिंकल्यावर सोडायचे म्हणून लेकर्सच्या मालकाने आधीच स्टेडियमच्या छताला फुगे लावून ठेवले होते, लेकर्सच्या जेरी वेस्टचा पाय दुखावलेला असताना त्याने 42 पॉइंट्स, 13 रिबाउंड्स (हुकलेल्या शॉटनंतर मिळवलेले बॉल), 12 असिस्ट्स (बास्केट करून देणारे पास) केले आणि तरी बोस्टन 108-106 ने जिंकलं, फुगे वरच राहिले. फायनल्स एमव्हीपी, म्हणजे फायनलच्या सर्वोत्तम प्लेअरचा मान, वेस्टला मिळाला. हरलेल्या टीमच्या प्लेअरला तो मिळाल्याचं एनबीएच्या इतिहासात हे एकच उदाहरण आहे.

आणि माझ्या मते दोन्ही टीम्समधला फरक इथेच आहे, लेकर्सचे रेकॉर्ड माणसांचे असतात आणि सेल्टिक्सचे टीमचे. एनबीएत सगळ्यात जास्त पॉइंट्स करणारे पहिले चार बघा, लेब्रॉन जेम्स, करीम अब्दुल-जब्बार, कार्ल मलोन, कोबी ब्रायंट, चौघांनी कधी ना कधी लेकर्सची जर्सी घातलीये (मलोन एकच सीझन होता, पण होता). कोबीचे 2006 मधले टोरोंटोविरुद्धचे 81 पॉइंट्स, मॅजिक जॉन्सनने 1980 ला पहिल्याच सीझनमध्ये, फायनलच्या सहाव्या मॅचला करीम जखमी म्हणून त्याच्या जागी उभं राहून केलेले 42, असले किस्से लेकर्सकडे ढिगाने आहेत. एक टीमचा रेकॉर्ड मात्र असा आहे की तो कुणालाच तोडता आला नाहीये, 1971-72 ला सलग 33 मॅच जिंकल्या.

उलट सेल्टिक्सचं बघा, 18 टायटल्स आहेत पण 2025 पर्यंतच्या एकाही सीझनला लीगचा टॉप स्कोअरर बोस्टनचा नव्हता. एकदाही नाही! त्यांच्या लॅरी बर्डने 1984 ते 86 सलग तीन एमव्हीपी (सीझनचा सर्वोत्तम प्लेअर) घेतले, तोसुद्धा टॉप स्कोअरर कधीच नव्हता. 2007 ला 24 मॅच जिंकलेली टीम, गार्नेट आणि रे ॲलन हे दोन स्टार येऊन बोस्टनच्या पिअर्सला मिळाले आणि पुढच्याच सीझनला 66 जिंकून चॅम्पियन झाली, लेकर्सना शेवटच्या मॅचला 131-92 असं धुतलं. 2024 च्या टायटलला पण टीममधलं मोठं नाव टेटमचं, फायनल्स एमव्हीपी जेलन ब्राउनला, आणि मॅचेस काढल्या पाच-सहा जणांनी मिळून.

वाईट काळ दोघांनी बघितलाय. बोस्टन 1986 नंतर थेट 2008 ला जिंकलं, लेकर्स 2014 ते 2019 सलग सहा सीझन प्लेऑफलाच (सीझननंतरच्या बाद फेरीलाच) नव्हते. अलीकडचं म्हणाल तर फेब्रुवारी 2025 ला लेकर्सनी ऐन पंचविशीतला स्टार लुका डॉन्चिच उचलला, आणि त्याच मे महिन्यात टेटमची अकिलीस (टाचेमागची शीर) फाटली आणि बोस्टनने त्या उन्हाळ्यात होलिडे, पोर्झिंगिस या महत्त्वाच्या प्लेअर्सनाही जाऊ दिलं.

एक गोष्ट कुणी सांगत नाही ती म्हणजे टायमिंग. थंडीत बोस्टनच्या घरच्या मॅच आपल्याकडे साधारण पहाटे साडेपाच-सहाला लागतात, म्हणजे ऑफिसच्या आधी पूर्ण बघून होतात. एलएच्या सकाळी नऊला सुरू होतात, त्यामुळे वर्किंग डेला फक्त हायलाइट्सच नशिबात.

मला विचाराल तर एकेका प्लेअरसाठी मॅच बघणार असाल, त्याच्या खेळीवर जीव टाकणार असाल, तर बिनधास्त लेकर्स, तिथे कुणी ना कुणी स्टार येतच राहणार. पण बॉल हातात नसताना बाकीचे चौघं काय करतात हे बघायला मजा येत असेल तर सेल्टिक्स, आणि मी स्वतः सेल्टिक्सच धरेन. तरी ठरवायच्या आधी 2010 ची सातवी मॅच अख्खी बघा, लेकर्स 83-79 ने जिंकले ती, कोबीचे 24 पैकी 6 शॉट्स पडले पण 15 रिबाउंड्स त्याने ओढून काढले, आणि तेरा पॉइंट्सची आघाडी घालवत असताना बोस्टनच्या बाजूने तुमचा जीव खालीवर झाला तर तुमची टीम ठरली म्हणून समजा.